झटका, शॉक आणि 'सक्सेस रेट'

पेपरमधलं एक वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की ते आता डोळ्यांना दिसतही नाही. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन.' ट्रेडमिलवर कोसळलेला तिशीतला पोरगा असो, कार्यक्रम आटोपून हॉटेलवर गेलेला गायक असो की गल्लीतले आजोबा, झटका सगळ्यांना एकच. मराठीत या एका शब्दावर आपण भलताच लोड टाकलाय. रक्तवाहिनी तुंबली की झटका. हृदयातला करंट बिघडून माणूस उभ्याउभ्या पडला की तोही झटका. आणि त्या माणसाला वाचवायला छातीत बसवलेलं मशीन जो देतं, तो? तोही झटकाच!

माझ्या मामाला हे तीनही झटके बसलेत. त्यामुळे आमच्या घरात आता विचारतात, 'कुठला झटका?' गंमत नाही, खरंच.

कार्डिऑलॉजीमध्ये एक जुना जोक आहे. हृदयाचे डॉक्टर दोन प्रकारचे, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन. अँजिओप्लास्टी करून तुंबलेला पाइप उघडणारे ते प्लंबर. हृदयाचं वायरिंग बघणारे ते इलेक्ट्रिशियन, म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट. प्लंबर आपल्याला माहीत असतात, कारण प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी स्टेंटवाला काका असतो. इलेक्ट्रिशियनशी मात्र गाठ पडेपर्यंत असं काही डिपार्टमेंट असतं हेसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. मास कॉमला हेल्थ रिपोर्टिंगचा एक अख्खा पेपर होता, त्यातही नव्हतं.

अटॅक आधी, बिल नंतर

मामाची स्वतःची टुरिस्ट गाडी. पुणे-मुंबई एअरपोर्ट, कधी महाबळेश्वर, कधी शिर्डी. २०१९ मध्ये त्याला हार्ट अटॅक आला, स्टेंट पडला, तंबाखू सुटली, दोन महिन्यांत मामा पुन्हा एक्स्प्रेस वेवर. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. चार वर्षांनी, काहीही दुखत नसताना, पेट्रोल पंपावर गाडीच्या दाराला हात लावून उभा असलेला मामा तसाच खाली बसला आणि आडवा झाला. गाडी उभी होती आणि पॅसेंजर घ्यायचा बाकी होता, एवढंच नशीब.

हा दुसरा अटॅक नव्हता. पाइप मोकळे होते. बिघडलं होतं ते वायरिंग.

फंडा असा आहे. अटॅकमध्ये हृदयाचा जो स्नायू मरतो, त्याच्या जागी व्रण तयार होतो. व्रणातून करंट जात नाही. पण हा व्रण काही सिमेंटच्या भिंतीसारखा सलग नसतो. त्यात मधे मधे जिवंत स्नायूचे बारीक धागे उरलेले असतात आणि त्यातून करंट रखडत रखडत, गणपतीतल्या लक्ष्मी रोडवरून जावा तसा पुढे सरकतो. तो दुसऱ्या टोकाला बाहेर पडेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुन्हा आकुंचन पावायला तयार झालेला असतो. मग काय, करंट वळसा घेऊन पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एक सर्किट तयार होतं आणि हृदयाचा ताबा घेतं. जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, मिनिटाला १८०-२०० च्या स्पीडने पळायला लागतात. याचं नाव व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, शॉर्टमध्ये व्हीटी. एवढ्या वेगात कप्पे रक्ताने भरायलाच वेळ मिळत नाही. रिकामा पंप कितीही जोरात चालला तरी पाणी येणार कुठून? बीपी कोसळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि हे व्हीटी बिघडून त्याचं व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालं, तर हृदय ठोके देणं सोडून नुसतं थरथरतं. मग हातात असतात फक्त काही मिनिटं.

हा व्रण अटॅकनंतर लगेच त्रास देईल असं नाही. महिन्यांनी देईल, वर्षांनी देईल. मामाने चार वर्षांनी बिल भरलं.

छातीतला वॉचमन

अशा पेशंटला बहुतेक वेळा पहिल्यांदा देतात ते आयसीडी. कॉलरबोनखाली बसवलेलं काडेपेटीएवढं यंत्र. ठोक्यांवर चोवीस तास नजर ठेवतं, गडबड दिसली की आधी वेगाने पेसिंग करून सर्किट तोडायला बघतं, आणि नाहीच जमलं तर शॉक. मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरने हे यंत्र बनवलं. त्याचे सीनियर डॉक्टर १९६० च्या दशकात अशाच व्हीटीने गेले, ते त्याच्या डोक्यातून जाईना. इतर तज्ज्ञांनी कल्पनेची टर उडवली तरी तो हटला नाही, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या माणसाच्या शरीरात ते यंत्र बसलं.

आयसीडी जीव वाचवतं, यात वाद नाही. पण ते वॉचमन आहे, इलेक्ट्रिशियन नाही. चोर आला की मारतं, चोर येऊच नये म्हणून काही करत नाही. आणि त्याचा मार शुद्धीत खाल्लेली माणसं सांगतात, छातीत आतून घोड्याने लाथ घालावी तसा असतो. मामाला एका रात्रीत सहा बसले. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा असं व्हीटी आलं तर त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात. सहाव्या शॉकनंतर मामा मामीला म्हणाला, 'हे मशीन काढायला सांग, मेलो तरी चालेल.' मामी रडली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघून विचारलं, 'अगं, तू पत्रकार ना? विचार की काहीतरी.'

मग मी विचारायला लागले.

मच्छिमार ते मॅपिंग

उपाय होता, कॅथेटर अॅब्लेशन. मांडीच्या सांध्यातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत न्यायची, गडबड करणारी जागा शोधायची आणि तिथला स्नायू जाळून टाकायचा. 'जाळायचा' म्हटल्यावर मामीने कपाळाला हात लावला. पण जळतं ते काही मिलिमीटर. स्नायूचं तापमान साधारण ५० अंशांच्या वर गेलं की तो कायमचा करंट वाहून नेणं थांबवतो. एक ठिपका, मग शेजारी दुसरा, मग तिसरा. व्हीटीमध्ये असे ठिपके डझनावारी द्यावे लागू शकतात.

हे सगळं एका दिवसात आलेलं नाही. वायरिंगच्या बिघाडावर पहिली यशस्वी सर्जरी झाली १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात, एका मच्छिमारावर. त्याच्या हृदयात जन्मापासून एक जादा वायर होती. वूल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोम असं लांबलचक नाव आहे त्या प्रकाराला. ती तोडायला अख्खी छाती उघडावी लागली. पुढे १९८२ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत मेल्व्हिन शाइनमन यांनी छाती न उघडता, कॅथेटरमधून थेट विजेचा शॉक देऊन हे करून दाखवलं. मग शॉकच्या जागी रेडिओफ्रिक्वेन्सी आली, जास्त मवाळ, जास्त नेमकी. १९९१ मध्ये ओक्लाहोमाच्या वॉरन जॅकमन यांच्या टीमने जादा वायरवाल्या १६६ पेशंटचा रिपोर्ट छापला. १६४ जणांत वायर तुटली होती. ९९ टक्के! काही जणांत ती पुन्हा जागी झाली, पुन्हा अॅब्लेशन करावं लागलं, तरीही हा आकडा वेड लावणारा होता.

आणि इथेच सगळा घोळ होतो. गूगलवर 'अॅब्लेशन सक्सेस रेट' टाकलं की असे ९५-९९ टक्के समोर येतात, आणि आपण खूश. माझ्या मावसभावाने ते स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकलेही, वर तीन पार्टी पॉपर. पण तो आकडा एका निरोगी हृदयातल्या एका जादा वायरीचा आहे. व्रण पडलेल्या हृदयातल्या व्हीटीचा नाही. एकाच नावाचे दोन वेगळे सिनेमे आहेत हे.

तुम्ही पंचविशी-तिशीत असाल आणि हृदयाची रचना नॉर्मल असूनही ठोके चुकत असतील, व्हीटी येत असेल, तर तुमचा सिनेमा बहुधा पहिला. अशा पेशंटमध्ये अनेकदा एकच बिंदू चुकीचा करंट सोडत असतो. तो जाळला की दहापैकी आठ-नऊ जण मोकळे होतात, आणि त्यांचं आयुष्यही इतरांइतकंच असतं. मामाचा सिनेमा दुसरा होता.

टक्क्यांच्या मागचं टक्कल

दुसऱ्या सिनेमाचे आकडे मी जमवायला घेतले, ते असे.

२०१५ मध्ये जगभरातल्या १२ सेंटर्सनी मिळून २,०६१ पेशंटचा हिशेब मांडला. सगळे व्रणाच्या व्हीटीचे, सगळ्यांचं अॅब्लेशन झालेलं. वर्षभरानंतर ७० टक्के लोकांना व्हीटी परत आलं नव्हतं. म्हणजे ३० टक्क्यांना आलं होतं. ज्यांना आलं नाही, त्यांच्यातले ९० टक्के वर्षअखेरीस ट्रान्सप्लांट न होता जिवंत होते. ज्यांना आलं, त्यांच्यात हे प्रमाण ७१ टक्के. हे वाचून 'अॅब्लेशनने आयुष्य वाढतं' अशी हेडलाइन द्यायचा मोह होतो. पण थांबा. ज्यांचं हृदय मुळातच बरं, त्यांचं व्हीटीही थांबलं आणि तेच जास्त जगले, असंही असू शकतं ना? कोणामुळे काय झालं, हे नुसत्या नोंदींवरून कळत नाही. त्यासाठी टॉस करून पेशंट वाटावे लागतात.

तसे वाटलेही. २००७ मध्ये विवेक रेड्डी आणि सहकाऱ्यांनी आयसीडी असलेले १२८ पेशंट घेतले. अर्ध्यांचं अॅब्लेशन केलं, अर्ध्यांचं नाही. पुढच्या सुमारे दोन वर्षांत अॅब्लेशनवाल्यांत १२ टक्क्यांना आयसीडीची मदत लागली, बाकीच्यांत ३३ टक्क्यांना. मग २०१६ मध्ये 'व्हॅनिश' नावाची चाचणी आली. तिच्यातले पेशंट मामासारखे होते. जुना अटॅक, आयसीडी, गोळ्या चालू आणि तरीही व्हीटी. २५९ जण. एका गटाचं अॅब्लेशन, दुसऱ्या गटाच्या गोळ्या वाढवल्या. मृत्यू, स्टॉर्म किंवा शॉक यांपैकी काहीतरी घडलं, असे अॅब्लेशनच्या गटात ५९.१ टक्के आणि गोळ्यांच्या गटात ६८.५ टक्के. २०२४ मध्ये 'व्हॅनिश टू' आली. यात ४१६ जण, आणि प्रश्न असा की गोळ्या फेल होण्याची वाट न बघता आधीच अॅब्लेशन केलं तर? चारहून जास्त वर्षं पाठपुरावा केला. ५०.७ विरुद्ध ६०.६ टक्के.

हे आकडे मी मामाला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले. तो शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, 'म्हणजे अॅब्लेशन करूनही निम्म्यांना काहीतरी होतंच की गं.'

बरोबर आहे त्याचं. मी दोन रात्री पेपर वाचून जिथे पोचले, तिथे तो एका घासात पोचला. अॅब्लेशन जिंकतं, पण दणदणीत नाही. आणि निव्वळ मृत्यूचा आकडा वेगळा काढला, तर या दोन्ही चाचण्यांत दोन गटांतला फरक ठाम म्हणावा असा निघाला नाही. म्हणजे व्रण असलेल्या हृदयात अॅब्लेशन तुम्हाला मुख्यतः काय देतं? कमी शॉक. कमी हॉस्पिटलवाऱ्या. अनेकदा कमी गोळ्या, आणि गोळी अमिओडॅरॉन असेल तर ही छोटी गोष्ट नाही. तिच्यात आयोडीन ठासून भरलेलं असतं, थायरॉइड बिघडवते, कधी फुप्फुसं, कधी लिव्हर. उन्हात कातडी भाजते ती वेगळीच. आयसीडी मात्र अॅब्लेशननंतरही छातीत तसंच राहतं.

रिस्कही सांगायला हवी. सांध्यापाशी रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणं, क्वचित स्ट्रोक. 'व्हॅनिश टू'मध्ये अॅब्लेशननंतर ३० दिवसांत १ टक्का पेशंट दगावले आणि ११.३ टक्क्यांना इतर गंभीर त्रास झाला. मामाच्या डॉक्टरांनी हे आपणहून, कागदावर लिहून दिलं. त्याआधी ज्या हॉस्पिटलमध्ये आम्ही गेलो होतो, तिथे काउन्सेलरबाईंनी आम्हाला पॅकेजचं ब्रोशर दिलं होतं. त्यात ट्विन शेअरिंग आणि डीलक्स रूमचे रेट होते, रिस्कचा र नव्हता. खर्च दोन्हीकडे लाखांतच. पण मामीने हॉस्पिटल बदललं ते त्या कागदासाठी.

ऑपरेशन सक्सेसफुल, पुढे?

२०२४ च्या पावसाळ्यात मामाचं अॅब्लेशन झालं. साडेपाच तास. काचेपलीकडच्या स्क्रीनवर त्याच्या हृदयाचा थ्रीडी नकाशा होता, व्रण लाल, निरोगी भाग जांभळा, मधे सगळे रंग. डॉक्टरांनी नंतर फोटो दाखवला. मला तो होळीनंतरच्या टी-शर्टसारखा दिसला. तिसऱ्या दिवशी मामा घरी.

सहा महिने एकही शॉक नाही. रिपोर्टमध्ये सक्सेस. पण मामा झोपायचा नाही. लाथ कधी बसेल याची वाट बघत पडून राहायचा. जिना चढताना नाडीला बोट. टीव्हीवर मॅच रंगली की उठून जायचा, ठोके वाढतील म्हणून. क्रिकेटच्या मॅचमधून उठून जाणारा मामा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

हे फक्त पन्नाशीच्या ड्रायव्हरचं होतं असं समजू नका. मार्डी फिश आठवतोय? अमेरिकन टेनिसपटू, २०११ मध्ये वर्ल्ड नंबर ७. त्याच्या हृदयाची लय बिघडली, धडधडीने रात्री दचकून उठायचा. मे २०१२ मध्ये अॅब्लेशन झालं. त्याचा प्रकार मामाच्या व्हीटीइतका जीवघेणा नव्हता आणि वायरिंगही दुरुस्त झालं. पण त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये, फेडररविरुद्धच्या चौथ्या फेरीच्या मॅचआधी त्याने माघार घेतली. कारण अँक्झायटी. हृदय बरं झालं होतं, पण 'आता पुन्हा होईल' ही भीती डोक्यातून गेली नव्हती. पुढे त्याने हे सगळं उघडपणे सांगितलं, उपचार घेतले, २०१५ च्या यूएस ओपनमध्ये खेळून रिटायर झाला. चाचण्यांचे मोठे आकडे शॉक मोजतात. शॉकची वाट बघणं त्या हेडलाइनमध्ये येत नाही. आमच्याकडे हे लक्षात आलं तेही डॉक्टरांमुळे नाही, तर डिव्हाइस चेक करणाऱ्या टेक्निशियन मुलीमुळे. तिने मामाला सरळ विचारलं, 'काका, झोप येते का?' मामा तिच्यासमोर रडला. मग सायकिअॅट्रिस्ट, मग ग्रुपमध्ये भेटणारे आणखी दोघं आयसीडीवाले, आणि हळूहळू झोप.

गाडीचं मात्र काही झालं नाही. आयसीडी असलेल्याने व्यावसायिक वाहन चालवू नये, असं बहुतेक देशांच्या गाइडलाइन्स सांगतात, आणि अॅब्लेशन कितीही झकास झालं तरी हा नियम सुटत नाही. कारण सरळ आहे, मागे पॅसेंजर बसलेले असतात. मामाने डॉक्टरांशी यावर अर्धा तास वाद घातला. जीव वाचवल्याबद्दल त्याने त्यांचे आभार मानले होते की नाही आठवत नाही, पण हा वाद सगळ्यांना आठवतो. आता गाडी माझा मामेभाऊ चालवतो. मामा शेजारी बसतो आणि खंडाळ्याच्या उतारावर उजवा पाय फ्लोअर मॅटवर दाबतो.

व्हीटी परत आलं तर? बऱ्याच जणांचं दुसऱ्यांदा अॅब्लेशन होतं. कधी सर्किट हृदयाच्या बाहेरच्या बाजूला असतं, तिथे आतून पोचता येत नाही. मग छातीच्या मधल्या हाडाखालून सुई घालून हृदयाच्या पृष्ठभागावर जायचं. ही युक्ती ब्राझीलची. साओ पावलोतल्या एदुआर्दो सोसा यांनी ती १९९६ मध्ये मांडली, कारण तिथल्या शागास आजारात व्रण अनेकदा बाहेरच्या बाजूलाच असतो. आणि अगदी सगळं संपलं तर? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये पाच पेशंटना कॅथेटरशिवाय, कॅन्सरला देतात तसं रेडिएशन थेट व्रणावर दिलं. उपचाराआधीच्या तीन महिन्यांत पाच जणांना मिळून ६,५७७ वेळा व्हीटी आलं होतं. पहिले सहा आठवडे सोडले, तर नंतर फक्त ४ वेळा. पेशंट पाचच, त्यामुळे उड्या मारायला नकोत. पण मी हा पॅराग्राफ मामीला दोनदा वाचून दाखवला, हे खरं.

जाता जाता तुमच्यासाठी. नुसती धडधड बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, चौथी कॉफी आणि अप्रेझल यांचा परिणाम. पण धडधडीसोबत शुद्ध गेली, व्यायाम करताना चक्कर आली, किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलं असेल, तर ईसीजी काढा आणि तो इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि ऑफिसात कोणी कोसळून श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायला लागा. पेट्रोल पंपावरच्या एका पोराने मामासाठी हेच केलं होतं. कुठेतरी बघितलेल्या व्हिडिओवरून. तो पोरगा त्यानंतर नोकरी सोडून गावी गेला. मामा अजून प्रत्येक वेळी त्याच पंपावर गाडी थांबवायला लावतो आणि तो आलाय का विचारतो.

गेल्या महिन्यात मामाचं डिव्हाइस चेक झालं. त्याच टेक्निशियन मुलीने मशीनची मेमरी उघडली. पंधरा महिन्यांत एक एपिसोड, पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी, ११ सेकंदांचा. आयसीडीने पेसिंग करून तो शॉक न देता मोडला होता. मामाला पत्ताच नव्हता, कारण त्या वेळी तो झोपला होता. मामीने मुलीकडून तारीख लिहून घेतली.